उंबऱ्याबाहेरून केलेली पाहणी

"घरांच्या भिंतींवर पाण्याची खूण आढळली नाही." हे वाक्य मी माझ्या हाताने सरकारी कागदावर लिहिले आणि खाली सही केली. ते वाचणाऱ्या कोणालाही खोटे ठरवता आले नसते, कारण मला तशी खूण खरोखरच दिसली नव्हती. पण ती कुठे आहे हे मला सांगण्यात आले होते. ती बघायला दोन पावले टाकायची होती. मी टाकली नाहीत, आणि त्यामुळे एका वाडीचे शेत गेले. हे मी आजवर फार थोड्यांना सांगितले आहे. आता लिहून ठेवतो.

एकोणीसशे विसाव्या सालानंतरची ती वर्षे. मी तेव्हा तिशीत होतो आणि रत्नागिरीतल्या एका सरकारी कचेरीत ओव्हरसियर होतो. रस्ते, मोऱ्या, विहिरी आणि खाडीकाठचे खारबांध, इतकी माझी कामे. आमच्या खाड्यांच्या काठाला भाताची सखल जमीन असते. समुद्राचे पाणी भरतीबरोबर तिच्यात शिरू नये म्हणून माती आणि जांभ्याचा बांध घालतात. बांधात एक लाकडी झडप असते, तिला उघाडी म्हणतात. ओहोटीला ती उघडते आणि शेतातले पावसाचे पाणी बाहेर जाते. भरतीला पाण्याच्याच जोराने मिटते. बांध धड असेल तर वर्षभर पेज मिळते. पावसाळ्यात डोंगराचा लोंढा आणि खाडीचे उधाण एकाच दिवशी आले आणि बांध कच्चा निघाला, तर खारे पाणी शेतातून घरांत येते. पाणी दोन दिवसांत उतरते. जमिनीतले मीठ मात्र तीन-चार वर्षे उतरत नाही.

त्या साली कचेरीकडे खारबांधांसाठी पैसे आले होते, पण एकच बांध होईल इतके. अर्ज दोन. एक जयगडच्या खाडीतल्या एका खोताच्या गावाचा, छापील कागदावर, तीन सह्यांचा. दुसरा त्याच खाडीत आणखी आत असलेल्या एका महारवाडीचा. तो कोणा शाळामास्तराकडून लिहून घेतलेला होता आणि खाली अंगठेच अंगठे. दोन्ही ठिकाणी जाऊन पाहणी करायची आणि पाणी घरांपर्यंत आल्याची खूण स्वतः बघून तसे लिहायचे, असा नियम होता. नियम चांगला होता. त्याबद्दल माझी आजही तक्रार नाही.

या नियमाबाबत कचेरीत माझे थोडे नाव झाले होते. त्याच्या दोन वर्षे आधी एका गावात लोकांनी भिंतींवर चिखलाच्या रेघा ओढून मला दाखवल्या होत्या. मी बोट फिरवून बघितले, चिखल विहिरीवरचा होता, खाडीचा नव्हता. मी तो अर्ज परत पाठवला. तेव्हापासून हेडक्लार्क मला धर्मराज म्हणत. "धर्मराज, तुमच्या रथाचं चाक जमिनीला लागतं की नाही हो अजून?" असे ते सर्वांदेखत विचारायचे आणि मी खाली मान घालून हसायचो. ती थट्टा मला आवडत होती. दिसेल तेवढेच लिहीन, हे माझे ब्रीद होऊन बसले होते.

नारळी पौर्णिमेच्या उधाणात वाडीत पाणी शिरले होते. मी गेलो त्यानंतर दहा-बारा दिवसांनी. आधी खोताचे गाव केले. तिथे बांध खचला होता, गोठ्याच्या जांभ्याच्या भिंतीवर गुडघाभर उंचीची रेघ स्पष्ट दिसत होती. मी ती मोजली आणि लिहिली. मग होडीने वाडीकडे गेलो.

उतरलो तेव्हा पाऊस होता. वाडीचा म्हातारा पुढारी डोक्यावर इरले घेऊन काठावर उभा होता. अर्जावर पहिला अंगठा त्याचा. त्याने लांबूनच जोहार घातला आणि माझ्यापुढे बरेच अंतर ठेवून चालू लागला. बांध मला दाखवला. दर उन्हाळ्यात वाडीतली माणसे त्यावर माती चढवीत, पण उघाडीची फळी कुजली होती आणि ती बदलणे त्यांच्या आवाक्यातले नव्हते. इतके मी बघितले. मग घरांकडे आलो आणि अंगणात थांबलो.

घरे नुकतीच सारवलेली होती. शेणामातीचा हात भिंतीभर फिरलेला, वर काव दिलेली. एकही डाग नाही.

"पाणी कुठवर आलं होतं म्हणतोस?"

"कमरेवर, सायेब."

"भिंतीवर तर काहीच नाही."

म्हातारा ओशाळला. "सायेब येणार म्हून बायांनी सारवून काडलं. चिखलाच्या भिंती कशा दावायच्या तुमास्नी?"

मला ते निमित्त वाटले. एका गावाने खूण रंगवली, दुसऱ्याने पुसून टाकली आणि वर गोष्ट तयार ठेवली, असे मनात आले. मी म्हणालो, "मग मी काय लिहू? भिंती छान सारवतात म्हणून लिहू?"

सगळ्यात खालच्या, बांधाला लागून असलेल्या घराच्या दारात एक बाई उभी होती. चाळिशीची असेल. नवरा गेलेला, एक मुलगा मुंबईला गोदीत, आणि बांधाच्या आतले दोन तुकडे ती एकटी कसत होती, हे मला म्हाताऱ्याने वाटेत सांगितले होते. ती म्हणाली, "भायेरच्या भिंती सारवल्याव, सायेब. आतल्या ऱ्हायल्या. आत कोन बगायला येतंय? वाईच आत या. कनगीच्या मागं रेघ हाय. बियानं भिजलं त्याचा वास बी जिरला नाय अजून."

म्हातारा तिच्यावर ओरडला, "अगं, गप! सायबास्नी आत बोलावतीस?"

"दोन पावलं हाईत," ती म्हणाली.

मी उंबऱ्यापासून चार हातांवर होतो. दार उघडे होते. आतला अंधार दिसत होता, धान्याच्या कणगीची गोल कड दिसत होती. आत गेलो असतो तर घरी जाऊन आंघोळ करावी लागली असती. डोक्यापासून पायापर्यंत भिजलेला माणूस आंघोळीला भ्याला, असे आज कोणी म्हणाले तर ते खरेच आहे. तेव्हा तसा विचारही मी केला नाही. पाय पुढे गेलाच नाही. लहानपणापासून त्याला तसेच वळण होते आणि त्या क्षणी ते मोडावे असे मला वाटले नाही.

तेवढ्यात काठावरून होडीवाला ओरडला, "रावसाहेब, पानी उतरतंय! होडी रुतंल!"

अजून अर्धा तास तरी होता. मला ठाऊक होते. मी छत्री सावरली आणि म्हणालो, "बरं, बघितलं मी. कळवू."

"काय बगितलंत?" बाई म्हणाली. मोठ्याने नाही, पण मला ऐकू येईल इतके.

मी होडीकडे वळलो.

घरी जेवायला बसलो तेव्हा बायकोला सगळे सांगितले. तक्रारीच्या सुरात सांगितले, की बघ, लोक कसे असतात, कमरेएवढे पाणी म्हणतात आणि भिंतीवर टिपूस नाही.

ती वाढता वाढता थांबली. "सारवल्या कधी म्हणालात?"

"आदल्या दिवशी असेल."

"मग बरोबर आहे की. गेल्या साली तुमचे साहेब चहाला यायचे होते, ओटीच्या भिंतीला ही एवढी ओल. मी काय केलं? चुना फासला. साहेब काय म्हणाले? घर अगदी कोरडं ठणठणीत आहे हो तुमचं."

"ते वेगळं."

"काय वेगळं? साहेब येणार म्हटल्यावर कोणती बाई घाण भिंत ठेवील?" मग म्हणाली, "आतल्या भिंती बघायच्या होत्यात. आत कोणी इतकं सारवत नाही."

"आत?" मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. आत म्हणजे कोणाच्या घरात, हे तिच्याही ध्यानात आले असावे. तिने माझ्या पानावर भात वाढला.

इथपर्यंतची चूक अजाणतेपणाची होती असे मी स्वतःला पुष्कळदा समजावले आहे. पण अहवाल त्यानंतर तीन दिवस माझ्या टेबलावर होता. बायको बोलली ते खरे आहे हे मला पटले होते. मी परत जाऊ शकलो असतो. निदान "आतून पाहणी झाली नाही" इतके लिहू शकलो असतो. पण मग साहेबांनी विचारले असते, का झाली नाही? आणि धर्मराजाला त्याचे उत्तर द्यावे लागले असते. चौथ्या दिवशी मी कागद वर पाठवला. पैसे खोताच्या गावाला गेले. तिथला बांध चांगला झाला. मीच त्यावर देखरेख केली.

पुढच्या पावसाळ्यात वाडीचा बांध फुटला. कचेरीत त्याची दोन ओळींची चिठ्ठी आली. मागोमाग त्याच शाळामास्तराच्या अक्षरात दुरुस्तीचा अर्ज आला. साहेबांनी मला बोलावले आणि जुना अहवाल पुढे टाकला.

"हा तुमचाच शेरा ना? इथे पाणी चढतच नाही म्हणता. मग बांध फुटला कसा?"

मी म्हणालो, "या वेळी उधाण मोठं असेल."

म्हणजे बोलायची आणखी एक संधी मला मिळाली होती. ती अशी गेली.

अर्ज नामंजूर झाला. पुढे वाडी दर दोन-तीन वर्षांनी अर्ज करीत राहिली, आणि दर वेळी कोणीतरी कारकून जुने कागद काढून लिहीत राहिला, "पूर्वीच्या पाहणीनुसार सदर ठिकाणी पुराचा उपद्रव नाही." कारकून बदलले, साहेब बदलले, वाक्य राहिले. ज्यांनी ती खाडी कधी पाहिली नव्हती तेही ते खात्रीने लिहीत. त्यातले दोन अर्ज माझ्या टेबलावरून गेले. मी त्यांवर नुसती लघुसही केली.

एकदा बंदरावर तो होडीवाला भेटला. मी सहज विचारल्यासारखे विचारले, "ती आतली वाडी कशी आहे रे?"

"वाडी कसली आता, रावसाहेब? निम्मी मुंबईस गेली. जमीन मिठानं पांढरी पडलीय. चार साल कोनी लावणी केली नाय. तो म्हातारा व्हता ना इरल्यातला, तो गेला."

"आणि ती खालच्या घरातली बाई?"

"तिचं घर बसलं. वरती कातळसड्याच्या पायथ्याला खोपटं बांदून ऱ्हाते. बियानंच नाय उरलं तिच्यापाशी. खाऱ्या जमिनीतलं भात, सायेब, ते बियानं दुसरीकडं मिळत नाय. तिच्या सासूच्या सासूपासनं चालत आलेलं."

त्याने विचारले, "तुमी त्यांचं काम करनार व्हताव ना?" मी म्हणालो, "बघतो."

तिसाव्या सालानंतर शहरात नवे वारे आले. सहभोजने होऊ लागली. वरच्या आणि खालच्या म्हटलेल्या सगळ्या जातींची माणसे एका पंगतीत बसत. मीही एकदा गेलो. आमच्या आळीतले दोघे-तिघे बोलायचे बंद झाले. बाकीच्यांनी कौतुक केले. मला त्या दिवशी स्वतःविषयी फार बरे वाटत होते. माझ्या शेजारच्या पानावर एक वयस्कर माणूस होता, कुठल्याशा वाडीतून आलेला. जेवण झाल्यावर तो साधेपणाने म्हणाला, "आपन आलाव, बरं वाटलं."

त्याला माझ्याबद्दल काही ठाऊक नव्हते. पण "आलाव" हा शब्द माझ्या छातीत बसला. इथे मी आलो होतो, कारण इथे शंभर माणसे बघत होती. तिथे कोणी बघणारे नव्हते, फक्त एक म्हातारा आणि एक बाई, आणि तिथे माझ्या येण्याने काहीतरी झाले असते. त्या रात्रीची झोप वगैरे मी लिहीत नाही. झोप लागली. पण दुसऱ्या सकाळी कचेरीत गेल्यावर मी पहिले काम म्हणून कागद घेतला आणि अमुक वाडीच्या पाहणीत मी घरांच्या आत गेलो नव्हतो, खूण आत असल्याचे मला सांगितले गेले होते, तरी अस्पृश्यतेच्या संकोचामुळे मी ती पाहिली नाही, सबब माझा शेरा रद्द समजून नव्याने पाहणी व्हावी, असे लिहून साहेबांपुढे ठेवले.

हे साहेब नवे होते, माझ्यापेक्षा वयाने लहान. त्यांनी दोनदा वाचले.

"अहो, इतक्या वर्षांनी हे कशाला उकरता? तुमची बढती वर गेली आहे."

"माहीत आहे."

"बरं, चूक झाली म्हणा, नजरचूक म्हणा. हे 'संकोचामुळे' कागदावर कोण लिहितं?"

"मी लिहिलं आहे."

"काढून टाका ते."

"ते काढलं तर बाकीचं खोटं होईल, साहेब."

त्यांनी कागद ठेवून घेतला. बढती दुसऱ्याला मिळाली, आणि ते योग्यच झाले. वाडीच्या नव्या पाहणीचा हुकूम मात्र महिन्याभरात निघाला. ती दुसऱ्या ओव्हरसियरने करायची होती. त्याचे पुढे काय होईल, पैसे येतील का, आणि आले तरी मीठ खाल्लेल्या जमिनीला उपयोग होईल का, हे मला हे लिहितानाही सांगता येत नाही.

हुकूम निघाल्यावर मी रजा काढली आणि वाडीत गेलो. पावसाळा सरला होता. बांधाच्या आत भाताऐवजी खारट पाण्याची डबकी होती आणि कडेला खाऱ्या चिखलात वाढणारी चिपीची झुडपे उगवली होती. सड्याच्या पायथ्याशी पाच-सहा खोपटी उरली होती. बाई दारात सुपात नाचणी पाखडत बसली होती. केस पांढरे झाले होते. तिने मला ओळखले. उठली नाही.

"आलाव?" ती म्हणाली. "आता काय बगायचंय? आता आत-भायेर सगळं एकच हाय."

मी म्हणालो, "मी आत येऊ का?"

तिने सूप बाजूला सारले आणि वाट दिली. मी वाकून आत गेलो आणि जमिनीवर बसलो. चूल, दोन मडकी, दोरीवर एक लुगडे. ती दाराशी टेकून उभी राहिली. म्हणाली, "पानी देत नाय तुमास्नी. दिलं तर प्यावं लागंल, म्हून."

"द्या. मी पिईन."

"त्येच म्हनतेय मी. पिऊन मोकळं व्हाल," ती म्हणाली आणि हलली नाही.

मी तिला नव्या पाहणीचे सांगितले. दुसरा माणूस येईल, त्याला सगळे दाखवा, आणि तो यायच्या आधी कृपा करून काहीही सारवू नका.

ती पहिल्यांदाच हसली. "सारवायला भिंत कुठं हाय? ही कुडाची हाय. आनि सायेब यायचं म्हून सारवायची खोड मोडली आमची, तुमीच मोडलीव." मग म्हणाली, "पन तुमाला कवा पटलं? आत रेघ व्हती त्ये?"

"मला त्याच आठवड्यात पटलं होतं. कागद वर पाठवायच्या आधीच."

ती दाराशीच खाली बसली. हे तिला कोणी आजवर सांगितले नव्हते. ती इतकी वर्षे समजत होती की चूक आपलीच, भिंत सारवली म्हणून साहेबाला आपले बोलणे खरे वाटले नाही आणि काम गेले. वाडीतल्या इतर बायकांनीही एकमेकींना तेच बोल लावले होते, हे ती नंतर बोलली. आधी सारवायला कोणी घेतले यावरून दोन घरांत बोलणे बंद झाले होते. ते ऐकताना मला उठून जावेसे वाटत होते. बांध फुटेल, जमीन जाईल, हे मी कल्पनेत पुष्कळदा पाहिले होते. माझ्या चुकीचा दोष त्या स्वतःकडे घेतील, हे मात्र मला कधी सुचलेच नव्हते.

मी हात जोडले आणि बोलायला सुरुवात केली, "बाई, माझ्याकडून—"

"इथं नको," ती म्हणाली. "माज्या एकटीच्या कानात सांगून काय? अर्जावर सगळ्यांचं अंगठं व्हतं. भायेर चला."

तिने बाहेर जाऊन हाका मारल्या. खोपट्यांतून माणसे आली. म्हाताऱ्याची सून आली, दोन पुरुष आले, चार-पाच बायका आल्या आणि लांब उभ्या राहिल्या. त्यांतली एक दुसरीला म्हणाली, "ह्यो कोन?" "बांदाचा सायेब," दुसरी म्हणाली, "तोच." बाई म्हाताऱ्याच्या सुनेकडे बोट दाखवून मला म्हणाली, "सांगा आता. मोठ्यानं सांगा, हिला ऐकू कमी येतं."

मी अंगणात उभा राहून म्हणालो, "त्या साली मी पाहणीला आलो होतो. तुम्ही भिंती सारवल्या त्यात तुमची काही चूक नव्हती. खूण आत होती. ह्यांनी मला आत बोलावलं होतं. मी जातीमुळे आत गेलो नाही, आणि पाणी आल्याची खूणच नाही असं लिहून दिलं. नंतर खरं कळलं तरी गप्प बसलो. तुमचा बांध माझ्यामुळे झाला नाही. तुमची जमीन माझ्यामुळे गेली. मी तुम्हा सगळ्यांचा अपराधी आहे. मला क्षमा करा."